सोबत मुलगी, वय चार

काउंटरमागच्या पोरीनं मान वर न करता विचारलं, "काकू, फिटच्या गोळ्या शेवटच्या कधी घेतल्या?" आणि छाया हसली. हसली म्हणजे आधी तिनं मागे वळून पाहिलं, दुसरी कोणी बाई उभी आहे का, आणि मग हसली. मागे कोणी नव्हतं. भिंतीला लागून एक मोठी काचेची पेटी होती, तिच्यात धूळ बसलेली प्लास्टिकची फुलं होती, आणि बाकावर एक म्हातारबा डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बसला होता. "माह्या पित्ताच्या पिशवीत खडा हाये," छाया म्हणाली. "पुढच्या गुरुवारी ऑपरेशन हाये. फिटचं कुठून काढलं बाई तू?" पोरीनं आता मान वर केली. "मी कायले काढू? इथं दिसून राह्यलं ना. छाया राजकुमार, माहेर अमडापूर, जुनं पिवळं कार्ड. दोन हजार चारपासून मिरगीचा इलाज. जुने केसपेपर सगळे यंदा कंप्युटरात चढवले, म्हणून दिसते. भुलीचे डॉक्टर हे पक्कं कळल्याबिगर सुई लावत नाहीत, काकू." छाया म्हणणार होती, अवं, दुसऱ्या कोणाचं चुकून माह्या नावावर चढलं असंल. पण 'दुसऱ्या कोणाचं' इथवर आली आणि अडली. कारण तिला माहीत होतं. जे माहीत नसल्यासारखं करून ती चौदा वर्षं जेवली, झोपली, हळदीकुंकवाला गेली, ते एका परक्या पोरीनं भर दुपारी च्युइंगम चघळत मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आणि वर नाव तिचं स्वतःचं होतं.

मिरगी. हा शब्द अमडापूरच्या घरात कोणी कधी तोंडातून काढला नाही. 'तिचं ते' म्हणायचे. तिचं ते आज आलं होतं का? तिच्या त्याच्यावर गोळी दिली का? तिचं म्हणजे योगिनीचं. छायाच्या पाठची, पाच वर्षांनी लहान, सावळी, केस कमरेपर्यंत, आणि हसताना तोंडावर हात ठेवायची खोड. वांग्याच्या वाफ्यात पहिल्यांदा पडली तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि छाया बाळंतपणाहून नुकतीच माहेरी आलेली. आईनं, वच्छलाबाईनं, पहिल्यांदा काय केलं तर पोरीच्या तोंडाचा फेस पदरानं पुसला आणि शेजारच्या मळ्यात कोणी पाहिलं का ते पाहिलं. छायाला ते आजही आठवतं, आईची ती नजर, धुऱ्याधुऱ्यावरून, बांधाबांधावरून फिरलेली. चूक कोणाची म्हणायची? वीतभर पोट भरण्यापुरतं भाजीपाल्याचं रान, दोन पोरी, एक पोरगा, आणि गावात एकदा कळलं की तमक्याच्या पोरीला फिट येते, की संपलं. स्थळं सरळ पुढच्या गल्लीत वळायची. पण आज काउंटरसमोर उभं राहून छायाला आईचा राग आला, आणि रागाच्या मागून लगेच स्वतःचाही.

गंमत पाहा. तहसीलसमोरच्या सेतू केंद्रात छाया सतरा वर्षं बसते. चिखली तालुक्यातल्या निम्म्या माणसांची जन्मतारीख तिला तोंडपाठ. एखादी म्हातारी येते, म्हणते बाई, माह्या आधारवर नाव शालू हाये अन् सातबाऱ्यावर शालिनी, तर छाया म्हणते, "आजी, तुम्ही काय म्हनता त्याले किंमत नाही. कागद काय म्हनते ते पायजे." लोक तिला भितात आणि तिच्याच खिडकीत येतात. ज्यांच्याकडं मोबाइल नाही त्यांच्या अर्जावर ती सर्रास स्वतःचा नंबर टाकते, साहेबांनी दहादा बजावूनही. आणि मग दिवसभर तिचा फोन टिंग टिंग करत असतो, अमडापूरच्या कोणाची पेन्शन, कोणाचा गॅस, कोणाच्या नातीची शिष्यवृत्ती. दुसऱ्यांची आयुष्यं तिच्या कमरेच्या बटव्यात वाजत राहतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. शेकडो माणसांची नावं तिनं दुरुस्त केली. आणि स्वतःच्या नावाखाली काय पडलंय ते पाहायची वेळ पंचेचाळिसाव्या वर्षी, खड्याच्या निमित्तानं आली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. हिच्या मनात तर चौदा वर्षं ट्यूबलाइट होती, फक्त बटण दाबलं नव्हतं.

त्या काचेच्या पेटीच्या वर एक नवीन फलक होता. सवयीनं तिनं तो वाचला, शाळेतल्या पोरानं फळा वाचावा तसा, ओठ हलवत. आपली वैयक्तिक माहिती आमच्याकडे काय आहे ते पाहण्याचा, चुकीची असल्यास दुरुस्त करून घेण्याचा व काढून टाकण्याचा आपल्याला अधिकार आहे. खाली खोली क्रमांक आणि नाव, अनुपमा. खोली सातमध्ये सत्ताविशीची एक मुलगी डबा खात बसली होती. तिनं डबा बंद केला, हात पुसले, आणि एक पानाचा अर्ज पुढं सरकवला. छायानं अर्ज असा उलटा सुलटा केला. "कारणाचा रकाना कुठं हाये यात?" "कारण लागत नाही, ताई," अनुपमा म्हणाली. "तुमची माहिती आहे. तुम्ही मागायची, आम्ही द्यायची." छायाचा विश्वास बसेना. सतरा वर्षांत तिनं कारण नसलेला अर्ज पाहिला नव्हता. कारण लिहावं लागलं असतं तर तिनं लिहिलं असतं, ऑपरेशनकामी, आणि सुटली असती. आता ती रिकामी जागा तिच्याकडं पाहत राहिली. का मागते मी? खरंच का? गप 'चूक आहे' म्हणून सांगितलं तर काय बिघडतं? खाली एक ओळ होती: ही माहिती माझी स्वतःची आहे. तिच्यापुढं तिनं सही केली. सह्या करणं तिचं रोजचं काम. "सोमवारी या," अनुपमा म्हणाली.

ते चार दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. नवरा राजकुमार एसटीच्या वर्कशॉपातून यायचा, विचारायचा, काय म्हनले दवाखान्यात? ती म्हणायची, तपासण्या चालू हायेत. पोळी लाटताना, कोणाचा अंगठा मशीनवर दाबून धरताना, तिच्या डोळ्यापुढं ते पिवळं कार्ड यायचं. छायाच्या बाळंतपणात त्या दवाखान्यानं करून दिलेलं, कोपरा दुमडलेलं. योगिनीला घेऊन तिघी गेल्या होत्या, आई, ती आणि योगिनी. खिडकीतल्या माणसानं विचारलं, पेशंटचं नाव? आणि आईनं छायाला कोपरानं ढोसलं. "तुह्यं सांग. तुह्यं लगन झालं हाये, तुले काय फरक पडते?" एवढंच. एवढ्यात झालं. लग्नाच्या पोरीच्या नावावर असला आजार कशाला लिहायचा, थोरलीच्या नावावर लिहू, थोरली उजवलेली आहे. यात आईला खोटं काही वाटलं नाही, साडी बदलून नेसावी इतकं सोपं. आणि खरं सांगायचं तर छायालाही वाटलं नाही. उलट मोठेपणा वाटला. धाकट्या बहिणीचं दुखणं आपण अंगावर घेतलं म्हणून ती कितीतरी दिवस स्वतःवर खूश होती. डॉक्टर योगिनीला 'छाया, कशी आहेस' म्हणायचा आणि दोघी बहिणी बाहेर येऊन तोंडाला पदर लावून हसायच्या. योगिनी म्हणायची, "ताई, मी तू झाली तर तू कोन होशीन बे?" हे वाक्य छाया विसरली होती. पोळी तव्यावर करपली तेव्हा आठवलं.

योगिनीचं लग्न लागलं. साखरखेर्ड्याकडचं घर, बरं होतं, सासू जरा तोंडाळ. गोळ्यांचं काय? तर छायानं डोकं लावलं. नवरा डेपोत, सगळे कंडक्टर ओळखीचे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती गोळ्या आणायची, वेष्टनातून काढून हळदीच्या डबीत भरायची आणि साखरखेर्ड्याच्या गाडीवर द्यायची. घरी योगिनी सांगायची, रक्त वाढायच्या गोळ्या हायेत, ताई पाठवते. सहा वर्षं. पूनम पोटात असतानाही. शेवटची तीन वर्षं तर एकदाही तिचं ते आलं नाही. आणि मग त्या उन्हाळ्यात छायाला कंटाळा आला. हो, कंटाळा, दुसरं नाव नाही त्याला. दवाखान्यातली रांग, कंडक्टरची मिनतवारी, राजकुमारचं कुरकुरणं. फोनवर ती म्हणाली, "अवं, तीन वर्षं काही नाही झालं ना तुले? मंग कायले खातं ते विष? बंद कर आता, काही होत नाही." डॉक्टरला विचारलं? नाही. इथं बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. योगिनी म्हणाली, "तू म्हनतं तर करतो बंद." ती प्रत्येक गोष्ट अशीच ऐकायची, तू म्हणतेस तर. आणि जुलैत, दाखल्यांच्या ऐन गर्दीत, सेतूच्या खिडकीपुढं साठ माणसं उभी असताना योगिनीचा फोन आला होता. "ताई, तुले एक विचारायचं होतं." "गर्दी हाये, संध्याकाळी करतो," छायानं म्हटलं होतं. संध्याकाळी ती विसरली. चौथ्या दिवशी योगिनी शेततळ्यात सापडली. मिरचीच्या रोपाला पाणी घालायला गेली होती म्हणे, कळशी काठावरच होती. प्लास्टिकच्या उतारावर पाय घसरल्याची खूण नाही, आवाज नाही, काही नाही. मग गावानं काय म्हणायचं? गावानं म्हटलं, जीव दिला.

तेराव्याला सासरच्यांनी अमडापूरच्या अंगणात उभं राहून सुनावलं, तुमच्या पोरीनं आमच्या घराच्या तोंडाले काळं फासलं, काय कमी केलं होतं आम्ही तिले? आणि सगळ्यांनी खाली माना घालून ऐकलं. बाप, पुंजाजी, तेव्हा होता. त्यानंही ऐकलं. कारण सांगायचं तर काय सांगायचं? की पोरगी पडली असेल, तिला फिट यायची? म्हणजे फसवून लग्न लावलं. म्हणजे पोलीस, पंचायत, छी थू. त्यापेक्षा जीव दिला हे बरं पडलं. बरं पडलं! छाया आज हा शब्द मनात उच्चारते आणि तिला स्वतःचीच किळस येते. त्या वेळी पूनम तिच्याच मांडीवर होती, चार वर्षांची, जिलेबीचा तुकडा मुठीत दाबून. जावयानं वर्षाच्या आत दुसरं केलं, आणि पाचवीत असताना पूनम छायाकडं आली ती आलीच. आज अठरा वर्षांची आहे, चिखलीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. गुणी पोरगी, पण रात्रंदिवस एक काहीतरी राखून ठेवल्यासारखी. बारा वर्षांची असताना एकदा वेणी घालून घेता घेता तिनं विचारलं होतं, "मावशी, मी काही केलं होतं का? आईनं मले ठेवून जीव दिला ते?" छायाच्या हातातला कंगवा थांबला. तिनं म्हटलं, "नाही बेटा, तू कायले काही करशीन," आणि वेणी घट्ट ओढली. उत्तर एवढंच दिलं. आणि दुसरं ते माशांचं. पूनम लहानपणापासून सांगायची, आई मले एकदा एका मोठ्या घरात घेऊन गेली होती, तिथं काचेत मासे होते, लाल, अन् आईनं मले उचलून दाखवले. आईची तिला तेवढीच आठवण. छाया दर वेळी म्हणायची, "स्वप्न असंल बाई. साखरखेर्ड्यात कुठं आले मासे?" हळूहळू पूनमनं ते सांगणं सोडलं.

सोमवारी अनुपमानं तेवीस पानं दिली. छाया तिथंच, खोलीबाहेरच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन वाचायला बसली. पहिल्या पानावर तिचं स्वतःचं अक्षर होतं. इतकी वर्षं ती म्हणत आली, नाव आईनं सांगायला लावलं. पण फॉर्म तिनं भरला होता. पेशंटचे नाव, छाया. तेच वळणदार 'छ', ज्याचं सेतूत सगळे कौतुक करतात. पुढं डॉक्टरांचं इंग्रजी गिचमीड, गोळ्यांची नावं, तारखा, तारखा. सगळीकडं छाया. छायाला झटका आला, छाया दोन मिनिटं बेशुद्ध होती, छायानं जीभ चावली. वाचता वाचता तिला खरंच जिभेवर रक्ताची चव आली आणि तिनं तोंडाला रुमाल लावला. मधली सहा वर्षं नुसत्या गोळ्या दिल्याच्या नोंदी, प्रत्येकीपुढं तिची सही. मग त्या सह्या थांबल्या. ती समजली की संपलं. पण त्यानंतर एक पान आणखी होतं, जुलैचं, योगिनी गेली त्याच्या चार दिवस आधीचं. म्हणजे ज्या दिवशी फोन आला तोच दिवस. त्या काळी दवाखान्यात एक समाजसेविका बसायची, तिनं मराठीत, गोल अक्षरात लिहिलं होतं:

"पेशंट स्वतः आली. नवरा, सासू सोबत नाहीत. सोबत मुलगी, वय ४. दीड महिन्यापासून गोळ्या बंद. बहीण पाठवत होती, तिने आता गरज नाही असे सांगितले. गेल्या आठवड्यात दोनदा फिट, दोन्ही वेळा घरी कोणी नव्हते. सासरी आजार माहीत नाही. सांगण्याची भीती वाटते. समजावले: पाण्याजवळ, चुलीजवळ एकटीने जाऊ नये. घरी सांगावे. पेशंट म्हणते, बहिणीला विचारून सांगते."

छायानं ते पुन्हा वाचलं. आणि पुन्हा. बहिणीला विचारून. वर पेशंटचं नाव छाया. म्हणजे छाया सांगत होती की बहिणीनं माझ्या गोळ्या बंद केल्या, आणि ती बहीणही छायाच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मरणाच्या चार दिवस आधीसुद्धा त्या पोरीनं स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. अडीच तासांची एसटी करून, पोरीला कडेवर घेऊन, घरी काय थाप मारून आली असेल कोण जाणे, आणि खिडकीत विचारल्यावर म्हणाली असेल, छाया. तू म्हणतेस तर. छायाच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला आणि समोरून जाणारी आया थांबली. "पाणी देऊ का, बाई?" छायानं मान हलवली. आयाचे केस पांढरे होते, जुनी दिसत होती. छायानं त्या काचेच्या पेटीकडं बोट केलं. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "हे फुलं आता हायेत. आधी काय होतं त्यात?" "त्यात? मासे होते ना," आया म्हणाली. "लाल लाल. लहान लेकरं हटायचेच नाहीत तिथून. करोनात सगळे मेले, मंग फुलं टाकले." छायाला वाटलं आपण आता इथंच पडणार. वांग्याच्या वाफ्यात योगिनी पडली तशी, सरळ, हात न टेकता. पण ती पडली नाही. दुसऱ्याचा आजार नावावर घेतला म्हणून अंगात येत नाही.

तिनं अमडापूरला फोन लावला. भाऊ गणेशनं उचलला आणि आईच्या कानाला लावून दिला. वच्छलाबाई आता पंच्याहत्तरीची, ऐकायला कमी, पण हे तिनं पहिल्या सांगण्यात ऐकलं. "ते कागद अजून हायेत?" "हायेत, आई." "मंग मिटवून टाक ना बाई. तूच म्हनतं ना, मिटवायचा हक हाये? अवं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पूनमचं आता लगन पाहाले लागन. आईले मिरगी होती म्हटलं तर कोन करंल तिले?" "अन् आईनं जीव देला म्हटलं तर चालते?" छाया ओरडली, बाकावरच्या माणसांनी पाहिलं. आईचं रडणं सुरू झालं, जुनं, कोरडं, हिसके देत. मग ती म्हणाली, "तुह्यं बी नाव येईन त्याच्यात. पाय मंग. पोरगी तुले मावशी म्हननार नाही." हे मात्र तिनं नेमकं सांगितलं. आई होती ती, तिला ठाऊक होतं नस कुठं आहे.

अनुपमानं दुसरा अर्ज पुढं ठेवला. दोन खाने, दुरुस्ती आणि काढून टाकणे. ती मुलगी भली होती, घाईत होती. "बहुतेक दुसऱ्या पेशंटचं तुमच्या कार्डावर चढलंय, बरोबर? तसं होतं ताई, जुन्या कागदांत. तुम्ही इथं, काढून टाकण्यावर खूण करा. डॉक्टरांना मी बोलते. गुरुवारी तुमचं ऑपरेशन होऊन जाईल." इतकं सोपं. एक खूण. छायानं पेन हातात घेतलं. त्या एका खुणेनं समाजसेविकेचं गोल अक्षर जाईल, पाण्याजवळ एकटीने जाऊ नये जाईल, बहिणीला विचारून सांगते जाईल, आणि या पृथ्वीवर छायाशिवाय कोणाला कळणार नाही की जुलैच्या त्या दिवशी फोन कशासाठी आला होता. मोह झाला का? झाला. खोटं कशाला बोला, पेनाचं टोक त्या चौकोनात टेकलंच होतं. शाईचा ठिपका पडला. सतरा वर्षं लोकांना ती सांगत आली, कागद काय म्हणतो ते बघा. आणि आज एकच कागद असा होता, जो योगिनीनं जीव दिला नाही म्हणत होता. बाकी सगळं गाव, सगळं घर, ती स्वतः, उलटं म्हणत आले होते. "हे माह्यं नाही," छाया म्हणाली. "हो ना, म्हणून तर..." "माह्या बहिणीचं हाये. आम्हीच माह्यं नाव सांगतलं होतं. ती वारली." अनुपमाचा चेहरा बदलला. तिनं तेवीस पानांकडं पाहिलं, मग छायानं मागच्या गुरुवारी केलेल्या सहीकडं. "मग ताई, हे मी तुम्हाला द्यायलाच नको होतं. तुमचं म्हणून मागितलंत तुम्ही." ती रागावली नव्हती, घाबरली होती. "तिचं असेल तर मागायचा हक्क तिच्या माणसाचा. कोण आहे तिला?" छायानं ठिपक्यावर आडवी रेघ मारली आणि वरच्या खान्यात, दुरुस्तीत, खूण केली. "लेक हाये," ती म्हणाली.

घरी आली तेव्हा पूनम ओट्याला टेकून मुरमुरे खात होती, कॉलेजची ओढणी अजून खांद्यावर. राजकुमार कामावर होता. वाटेत छायानं वीस वाक्यं तयार केली होती, एकही उरलं नाही. तिनं पिशवीतून शेवटचं पान काढलं आणि पुढं धरलं. पूनमनं हात झटकून घेतलं, वरची ओळ वाचली. "हे तुह्यं हाये, मावशी. फिटचं? तुले फिट यायची?" "नाव माह्यं हाये. दुखनं तुह्या आईचं हाये." आणि मग जे बोलली ते उभ्यानंच बोलली, भिंतीकडं पाहत, थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा चौदा वर्षं बोलली नसती. "तुह्या आईनं जीव नाही देला, पूनम. ती पडली. तिले फिट यायची, सतरा वर्षांची होती तवापासून. लगन मोडंल म्हणून आम्ही झाकलं. गोळ्या मी पाठवत होती, अन् मीच बंद करायले लावल्या. तिचा फोन आला होता. मी उचलला, अन् नंतर करतो म्हटलं. तेराव्याले तुह्या आज्यानं, आजीनं, मी, सगळ्यांनी ऐकून घेतलं की तिनं जीव देला. आमाले माहीत होतं. मले माहीत होतं." छाया वाट पाहत होती. पोरगी ताटली फेकेल, ओरडेल, बॅग भरेल. काही केलं तरी छाया आडवी येणार नव्हती, एवढं तिनं ठरवलं होतं. एवढंच तिच्या हातात होतं आता.

पूनम वाचत होती. तिचं बोट ओळीखालून सरकत होतं, लहान असताना सरकायचं तसंच. 'बहीण पाठवत होती' पाशी ते थांबलं, आणि पूनमनं वर पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते छायाला वाचता आलं नाही. माया नव्हती, एवढं नक्की. बोट पुढं गेलं. पाण्याजवळ, चुलीजवळ. शेवटपर्यंत गेलं. मग परत वर आलं, हळूहळू, तिसऱ्या ओळीवर, आणि तिथून हलेना.

"सोबत मुलगी," पूनम म्हणाली. "हे मी?"

"हाव."

"याच दवाखान्यात? तुह्या खड्याच्या?"

"हाव."

पूनमनं कागद ओट्यावर ठेवला. ओटा ओला होता म्हणून पुन्हा उचलला, ओढणीनं पुसला आणि छातीशी धरला. आवाज आला तो अगदी साधा, भांडणाचा नाही, रडण्याचा नाही.

"म्हणजे मासे होते."

छायाला मान हलवायची होती, पण नुसती मान हलवून आज भागणार नव्हतं.

"होते," ती म्हणाली. "लाल होते."

"तू म्हनायची स्वप्न हाये."

"हाव," छाया म्हणाली. "मी म्हनायची."